सेवेची महती गाणाऱ्यांना काही प्रश्न

दरवर्षी ‘नीट’चा निकाल लागला की महाराष्ट्रातील लहान-मोठ्या शहरांचे चौक अभिनंदनाच्या फलकांनी भरून जातात. भावी डॉक्टरांची छायाचित्रे, खाली त्यांचे गुण आणि त्याखाली शिकवणीवर्गाचे ठळक नाव. त्याच सुमारास त्याच शहरांतील हजारो मुली, आणि आता काही मुलगेही, परिचर्येच्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेतात. त्यांचा फलक कोणी लावत नाही. उलट ‘डॉक्टरकीला नंबर लागला नाही वाटतं?’ हा प्रश्न त्यांच्या आईवडिलांना ऐकावा लागतो. रुग्णशय्येपाशी चोवीस तास जे मनुष्यबळ उभे असते, त्याच्या शिक्षणाची समाजाने केलेली किंमत या एका प्रश्नात दिसते.

सेवेची महती गाण्यात मात्र आपला समाज कोणाला हार जाणार नाही. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. गुलाबपुष्पे वाटली जातात, ‘माउली’, ‘देवदूत’ अशा उपमांची बरसात होते. त्याच परिचारिकेने दुसऱ्या दिवशी वेतनाचा, बढतीचा किंवा एका पाळीत सांभाळाव्या लागणाऱ्या रुग्णसंख्येचा विषय काढला, की ‘हल्ली सेवाभाव राहिला नाही’ असे सुस्कारे सुरू होतात. ज्ञानाचे आणि श्रमाचे मोल चुकते करावे लागू नये म्हणून ‘सेवा’ या पवित्र शब्दाची ढाल पुढे केली जात आहे. ज्यांना हा शब्द प्राणप्रिय आहे, त्यांनीच या दुरुपयोगाला सर्वप्रथम हरकत घेतली पाहिजे.

आपल्या परंपरेने या विषयात काय सांगितले आहे, ते पाहावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. या चारांपैकी प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाच्या गुणांत रुग्णाविषयीचा अनुराग आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकावर. पहिला गुण आहे उपचारज्ञता, म्हणजे परिचर्येचे ज्ञान. दुसरे दाक्ष्य, म्हणजे कामातील कौशल्य. चौथे शौच. वैद्याच्या पंक्तीला परिचारकाला बसवणारा आणि त्याच्याकडून आधी ज्ञानाची अपेक्षा करणारा हा विचार ज्या समाजाचा, त्याच समाजाने पुढे रुग्णाची शुश्रूषा हे हलके काम ठरवावे, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

असे का झाले, याचे उत्तर अप्रिय असले तरी द्यायलाच हवे. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावणारी व्यक्ती विटाळते, ही सोवळ्याओवळ्याची कल्पना आपल्या घराघरांत घट्ट बसली होती. परपुरुषाच्या देहाची शुश्रूषा करणारी, रात्रपाळीला घराबाहेर राहणारी स्त्री तर संशयाचाच विषय. परिणामी आधुनिक परिचर्या देशात आली तेव्हा ती प्रामुख्याने मिशन रुग्णालयांनी आणि ख्रिस्ती समाजातील, विशेषतः केरळातील, मुलींनी पेलली. परिचारिकेला आपण आजही ‘सिस्टर’ म्हणतो, तो शब्दही जोगिणींच्या मठातून आलेला. मिशनऱ्यांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. जे काम करायला आपल्या घरातील मुलगी आपण पाठवली नाही, ते दुसऱ्याच्या मुलीने केले, याची कृतज्ञ नोंद घेणे अवघड आहे.

महाराष्ट्रात या समजुतीला छेद देणाऱ्या स्त्रिया झाल्या नाहीत असे नाही. सावित्रीबाई फुले यांचे १८९७ साली निधन झाले, ते प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना झालेल्या संसर्गाने. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्याशिक्षणाची सोय केली आणि लोकनिंदा सोसून ती चालवली. पण समाजस्मृती पाहावी. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी मुंबईत परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या काशीबाई गणपत यांचे नाव मात्र परिचर्येच्या पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

इतिहासात झालेली ही उपेक्षा आज वेतनपत्रकात उतरली आहे. परिचर्येचे शिक्षण म्हणजे काय, याची स्पष्ट कल्पनाही अनेक सुशिक्षितांना नसते. गावपातळीवरील एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम ही पदविका तीन वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची आणि त्यापुढे दोन वर्षांचे एम.एस्सी. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र यांचा अभ्यास आणि शिवाय प्रत्यक्ष रुग्णालयातील कित्येक महिन्यांचा अनुभव असा हा चार वर्षांचा क्रम आहे. इतके शिकून मुलगी खासगी रुग्णालयाच्या दारात उभी राहिली, की पदवी आणि पदविका यांतील फरक पुसला जातो. अनेक ठिकाणी अप्रशिक्षित ‘मावशी’लाच पांढरा गणवेश चढवून परिचारिका म्हणून उभे केले जाते आणि शिकलेल्या मुलीला तिच्याच दराने राबवले जाते. नोकरी सोडून जाऊ नये म्हणून मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचे प्रकारही या क्षेत्राला नवे नाहीत. ज्या कागदासाठी बापाने कर्ज काढले, तोच कागद मुलीच्या पायातील बेडी व्हावा, याला काय म्हणावे?

हा अन्याय सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने दिलेल्या निर्देशानुसार केंद्र शासनाने तज्ज्ञ समिती नेमली. तिने स्वच्छ शब्दांत शिफारशी केल्या. दोनशेपेक्षा अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य शासनाच्या परिचारिकेइतकेच वेतन मिळावे. शंभरहून अधिक खाटा असतील तर ते फार तर दहा टक्क्यांनी, पन्नास ते शंभर खाटा असतील तर फार तर पंचवीस टक्क्यांनी कमी असावे. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. अंमलबजावणीचा चेंडू राज्यांच्या अंगणात गेला आणि बव्हंशी तेथेच पडून राहिला. केंद्र शासनाच्या सेवेतील नव्या परिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ४४,९०० रुपये ठरले. ज्ञान तेच, काम तेच, रात्रपाळी तीच. मग फरक कशाचा?

लहान रुग्णालयांना इतके वेतन परवडत नाही, हा प्रतिवाद नेहमी केला जातो. तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरची ओढाताण खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु समितीने लहान रुग्णालयांसाठी वेगळा, कमी दर सांगितला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. शिवाय वातानुकूलित कक्ष, संगमरवरी फरशी आणि वर्तमानपत्रातील पानभर जाहिरात ज्यांना परवडते, त्यांना परिचारिकाच तेवढी कशी परवडत नाही? रुग्णाच्या देयकात ‘नर्सिंग चार्जेस’ हा रकाना स्वतंत्र असतो. त्यातील किती रुपये नर्सच्या हाती पडतात, हे त्या रुग्णाने एकदा विचारून पाहावे.

शासकीय सेवेत वेतन बरे आहे, पण तेथे वाट खुंटलेली आहे. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी शिडी कागदावर दिसते. प्रत्येक पायरीवर पदे इतकी कमी होत जातात की असंख्य परिचारिका एखादी पायरी चढून निवृत्त होतात. अतिदक्षता विभागात वीस वर्षे काढलेल्या परिचारिकेच्या अनुभवाला स्वतंत्र दर्जा नाही. तिने स्वखर्चाने एम.एस्सी. केले तरी वॉर्डातील तिच्या अधिकारात फरक पडत नाही. केंद्राने २०१६ साली ‘स्टाफ नर्स’चे नामांतर ‘नर्सिंग ऑफिसर’ असे केले. नाव अधिकाऱ्याचे आणि अधिकार कोणताच नाही, अशी ही पदवी!

त्यावर कंत्राटीकरणाची भर. बाह्यस्रोतांमार्फत भरतीच्या धोरणाविरुद्ध मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांना संपाचे हत्यार उपसावे लागले. जुलै २०२५ मध्ये कंत्राटी भरती आणि वेतनातील तफावत याच प्रश्नांवर त्या पुन्हा रस्त्यावर आल्या. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता अवघ्या देशाने ज्यांच्यासाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या, त्यांत याच परिचारिका होत्या. तो नाद अंतःकरणातून उमटला होता, याविषयी शंका नाही. पण साथ ओसरताच कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवण्यात आले, तेव्हा त्यांच्यासाठी कोणी थाळी वाजवल्याचे ऐकिवात नाही.

हा प्रश्न केवळ परिचारिकांचा नाही, तो रुग्णाच्या जिवाचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्या शासकीय रुग्णालयांतील कोणत्याही रात्री हे प्रमाण मोजून पाहावे. सलाईन संपल्याचे, श्वास अडखळल्याचे, रक्तदाब घसरल्याचे सर्वप्रथम जिच्या ध्यानात यायचे, तिच्याकडे चाळीस रुग्ण असतील, तर दोष कोणाच्या माथी मारायचा?

परिचर्येतील ज्ञान म्हणजे काय, याचा वस्तुपाठ मुंबईच्या केईएम रुग्णालयाने देशाला दिला आहे. १९७३ साली अमानुष हल्ल्याची बळी ठरलेल्या सहकारी अरुणा शानभाग यांची तेथील परिचारिकांनी २०१५ साली त्यांचे निधन होईपर्यंत, तब्बल बेचाळीस वर्षे, शुश्रूषा केली. इतका काळ अंथरुणाला खिळलेल्या देहावर शय्याव्रण उमटू दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात घेतली. तेथे अनुराग होताच, पण केवळ अनुरागाने शय्याव्रण टळत नाहीत. त्यासाठी चरकाने पहिल्या क्रमांकावर ठेवलेली उपचारज्ञता लागते.

या उपचारज्ञतेची किंमत परदेशाला कळली आहे. ब्रिटनमध्ये परदेशातून शिकून येणाऱ्या परिचारिकांत भारतीयांची संख्या आज आघाडीवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. त्यांना जर्मन भाषा शिकवण्याची तयारी शासनाने दाखवली. मुलींनी परदेशी जाऊन चार पैसे मिळवावेत, याला आक्षेप असण्याचे कारण नाही. पण आपल्याच जिल्हा रुग्णालयात तिला कायम नेमणूक द्यायला ज्या शासनाजवळ पैसा नाही, त्याच शासनाने तिच्या निर्यातीचा खर्च उचलावा, हे कोणते नियोजन?

महाविद्यालये वाढवून प्रश्न सुटेल, असे म्हणणाऱ्यांसाठी मध्य प्रदेशचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ परिचर्या महाविद्यालयांची तपासणी केली, त्यांत केवळ १६९ योग्य ठरली. पुढे मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास करणाऱ्यांनाच अटक झाली. ज्या प्रमाणपत्रामागे प्रयोगशाळा नाही, शिक्षक नाही, खाट नाही, ते प्रमाणपत्र रुग्णाशी केलेला द्रोह आहे. आणि त्याचा डाग बसतो तो प्रामाणिकपणे शिकलेल्या मुलीच्या प्रमाणपत्रावर.

केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात वैद्यकीय महाविद्यालयांलगत १५७ नवी परिचर्या महाविद्यालये जाहीर केली, त्यासाठी १,५७० कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संसदेने संमत केला. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलींना पुन्हा त्याच कुंठित वाटेवर सोडायचे असेल, तर ही सारी इमारत परदेशी रुग्णालयांसाठी बांधली, असेच म्हणावे लागेल.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. २०१६ च्या वेतनविषयक शिफारशींना महाराष्ट्राने कायद्याचे बळ द्यावे. मूळ प्रमाणपत्र अडकवणे हा दखलपात्र गुन्हा ठरावा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ची संकल्पना मान्य झाली आहे, तिला पद, वेतनश्रेणी आणि निश्चित अधिकार मिळावेत. डॉक्टरांच्या संघटनांनी यात आपल्या अधिकारावरील अतिक्रमण पाहू नये. चार पादांपैकी एक पाद लंगडा ठेवून वैद्याचा पाद बळकट होत नाही. धर्मादाय आणि सेवाभावी म्हणवणाऱ्या रुग्णालयांनी, ज्यांत आपल्या विचारांची माणसे चालवीत असलेली रुग्णालयेही आली, या सुधारणांचा आरंभ आपल्यापासून करावा. त्यांनी आपले वेतनपत्रक एकदा या शिफारशींशेजारी ठेवून पाहावे.

आणि समाजाने? बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलीने परिचर्या शिकण्याची इच्छा बोलून दाखवली, तर तिला परावृत्त करू नये. सेवा हा आपला धर्म आहे, असे आपण सांगतो. तो धर्म दुसऱ्याच्या मुलीच्या उपाशी पोटावर पाळता येत नाही.