गृहारोग्य : दिवस भरल्यावर

गरोदर स्त्रीचे पहिले आठ महिने घरच्या मंडळींस भराभर गेल्यासारखे वाटतात; शेवटचे पंधरा दिवस मात्र सरतां सरत नाहींत. डॉक्टरांनीं सांगितलेली तारीख उजाडते आणि मावळते, लेक आपली माहेरीं हिंडतफिरत असते, आणि मग चौकशीस आरंभ होतो. सासरहून फोन, मावशींचा फोन, शेजारच्या काकूंचें येऊन डोकावणें : "अजून कांहींच नाहीं का ग?" दोन दिवसांनीं चौकशीची जागा सल्ला घेतो. कोणी एरंडेल सुचवितें, कोणी खजूर. कोणी जिने चढावयास सांगतें, कोणी उकिडवें बसवून फरशी पुसावयास लावतें. ह्यांपैकीं कोणता उपाय कामाचा, कोणता निरुपयोगी आणि कोणता घातक, असें विचारणारीं पत्रें ह्या सदराकडे वरचेवर येतात. त्या सर्वांचा एकत्र परामर्श ह्या महिन्यांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या तारखेविषयींच चार शब्द सांगितले पाहिजेत. हायडेलबर्ग येथील प्रसूतिशास्त्रज्ञ नेगेले (१७७८–१८५१) ह्यांच्या नांवानें चालत आलेला नियम असा कीं, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजावे. आपल्याकडील 'नऊ महिने नऊ दिवस' हा हिशेबही इंग्रजी महिन्यांनीं मोजला तर २८३ दिवसांच्या आसपास येतो. परंतु २८० हा मधला आंकडा आहे. नेमक्या त्या तारखेस जन्मणारीं मुलें शेंकडा पांचांच्या आसपासच असतात. ३७ आठवडे पुरे झाल्यापासून ४२ आठवडे पुरे होईपर्यंत केव्हांही झालेलें बाळंतपण दिवस भरून झालें असें समजतात, आणि पहिलटकरणीस तर तारखेच्या पुढें कांहीं दिवस जाणें हें नेहमींचेंच आहे. पाळी अनियमित असेल तर हिशेबच चुकतो. अशा वेळीं पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक भरंवशाची मानावी. आपल्या चरकसंहितेनेंही एक दिवस सांगितलेला नाहीं. नववा महिना लागल्यापासून दहाव्या महिन्यापर्यंतचा सर्व काळ हा प्रसवकाळ होय, असें शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायांत म्हटलें आहे.

कळा सुरू होतात त्या कशानें, हें ध्यानांत घेतल्यावांचून घरगुती उपायांची परीक्षा होणार नाहीं. गर्भाशयाचें तोंड एरवीं नाकाच्या शेंड्यासारखें घट्ट लागतें. गरोदरपणांत तें ओठासारखें मऊ होतें आणि दिवस भरत आले म्हणजे आंखूड व पातळ होऊन उघडण्याजोगें बनतें. आंबा झाडावर पाडाला यावा तसा हा प्रकार आहे. डॉक्टरही ह्यास 'पिकणें' असेंच म्हणतात. ह्या पिकण्यांत प्रोस्टाग्लांडिन नांवाच्या द्रव्यांचा मोठा वांटा असतो. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पियूषिका ग्रंथींतून ऑक्सिटोसिन हें दुसरें द्रव्य रक्तांत येतें आणि त्यानें गर्भाशय आंवळतो. ह्या ग्रंथीच्या अर्काचा हा गुण इंग्लंडांतील हेन्री डेल ह्यांनीं १९०६ सालीं दाखवून दिला. पुढें व्हिन्सेंट द्यु विन्यो ह्यांनीं तें द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि १९५५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. तोंड पिकलेलें नसतांना नुसत्या कळा आणविण्याचा प्रयत्न म्हणजे बंद दारावर धक्के मारण्यासारखें आहे. पुढील प्रत्येक उपाय ह्याच कसोटीस लावून पाहूं.

सर्वांत जुना आणि सर्वांत धीट उपाय एरंडेलाचा. ह्याला कांहींच आधार नाहीं असें म्हणतां येत नाहीं. एरंडेलांतील रिसिनोलिक आम्ल प्रोस्टाग्लांडिनांच्याच एका ग्राहकस्थानावर काम करतें व त्यामुळें आंतडीं आणि गर्भाशय हीं दोन्हीही आंवळतात, असें जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. पण ह्यांतच त्याचा धोका आहे. घरांतील चमच्यास मात्रेचें बंधन नसतें, आणि एकदां पोटांत गेलेलें तेल परत काढतां येत नाहीं. २०१३ सालीं कोक्रेन ह्या संस्थेनें तीन प्रयोगांतील २३३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. तींत कळा येण्याच्या कामीं एरंडेलाचा खात्रीचा उपयोग सिद्ध झाला नाहीं, मात्र तें प्यालेल्या सर्व स्त्रियांस मळमळ झाली. मळमळ, जुलाब आणि रात्रभराचें जागरण ह्यांनीं गळून गेलेली स्त्री जर दुसऱ्या दिवशीं कळा देऊं लागली, तर तिच्या अंगीं बळ कोठून राहणार? पूर्वीं सिझेरियन झालेल्या स्त्रीनें तर एरंडेलास स्पर्शही करूं नये. जुन्या टांक्यावर गर्भाशय फाटल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

खजुराची गोष्ट निराळी. जॉर्डन देशांत झालेली एक पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ६९ स्त्रियांनीं तारखेपूर्वीं चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, आणि ४५ स्त्रियांनीं खाल्ले नाहींत. पहिल्या गटांत शेंकडा ९६ जणींस कळा आपोआप आल्या, दुसऱ्या गटांत शेंकडा ७९ जणींस. दवाखान्यांत आल्या त्या वेळीं पहिल्या गटांतील स्त्रियांचें गर्भाशयाचें तोंडही अधिक उघडलेलें होतें. ही पाहणी लहान आहे व स्त्रियांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, म्हणून तिजवर फार मोठी इमारत उभारूं नये. तरी खजूर हें अन्न आहे, औषध नव्हे; मधुमेह नसलेल्या स्त्रीनें रोज चारसहा खाल्ले तर भय नाहीं. गरोदरपणांत ज्यांची साखर वाढली असेल त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून हा प्रयोग करूं नये.

तूप प्यालें कीं मूल सुळकन खालीं येतें, ही समजूत आपल्या घरांत फार रूढ आहे. प्यालेलें तूप जठरांत जातें, तेथें पचतें आणि फार झालें तर अंगावर चढतें. प्रसूतिमार्गास तें लागत नाहीं. चरकानें नवव्या महिन्यांत मार्ग स्निग्ध व्हावा म्हणून तेल सांगितलें आहे खरें, पण तें बस्ति व पिचु ह्या रूपानें. तें वैद्याचें काम आहे, घरीं करून पाहण्याचें नव्हे. अननसाविषयीं असें सांगतात कीं, त्यांतील ब्रोमेलेन नांवाच्या द्रव्यानें तोंड मऊ होतें. पण पोटांत गेल्यावर त्याचा बराचसा भाग पचून जातो, आणि अननस खाऊन कळा आल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. पिकलेली पपई नेहमींच्या प्रमाणांत खाण्यास हरकत नाहीं. कच्च्या पपईच्या चिकानें मात्र उंदरांचा गर्भाशय जोरानें आंवळतो असें सिंगापूर येथील संशोधकांस २००२ सालीं आढळलें, म्हणून ती वर्ज्य करावी. तिखट रश्श्यानें कळा येत नाहींत. येते ती जळजळ.

एक उपाय नाजूक आहे, तरी जाणत्या स्त्रियांस तो ठाऊक असल्यामुळें त्याचा उल्लेख टाळतां येत नाहीं. मूल पाजतांना बाळंतिणीच्या पोटांत कळ उठते, हें प्रत्येक आईस माहीत आहे. स्तनाग्रांस स्पर्श झाला कीं ऑक्सिटोसिन रक्तांत येतें, हें त्याचें कारण. ह्यावरून तारखेच्या सुमारास स्तनाग्रें हळूहळू चोळण्याचा उपाय निघाला. २००५ सालच्या कोक्रेनच्या तपासणींत ह्या उपायाचा गुण दिसून आला, पण तोंड आधींच पिकलेलें असेल तरच. रक्तदाब, मधुमेह, मुलाची खुंटलेली वाढ अशा धोक्याच्या गरोदरपणांत हा उपाय मुळींच करूं नये; तशा स्त्रियांवरील एका प्रयोगांत मुलें दगावल्याची नोंद आहे. इतरांनींही तो डॉक्टरांच्या संमतीवांचून करूं नये, असें आमचें मत आहे.

आतां श्रमांविषयीं. सकाळ-संध्याकाळ बेताचें चालणें चांगलें. त्यानें झोंप लागते, पोट साफ राहतें, मन रमतें. परंतु चालण्यानें कळा ओढून आणतां येतात असें कोणी समजूं नये, आणि दमलेल्या मुलीस जिने चढावयास किंवा फरशी पुसावयास लावणें हा तर निव्वळ जाच आहे. हा वाद नवा नाहीं. अडलेल्या स्त्रीनें उठून मुसळानें धान्य कांडावें, असें कित्येकांचें मत चरकाच्या काळींही होतें. आत्रेयांनीं तें खोडून काढलें आहे : गर्भिणीस भारी श्रम नेहमींच वर्ज्य, आणि प्रसूतीच्या वेळीं तर मुसळाच्या श्रमानें तिच्या प्राणांवरच बेतेल, हिंडणें-फिरणें मात्र चालेल. त्याच अध्यायांत आणखी एक मार्मिक दृष्टांत आहे. शिंक किंवा ढेंकर वेळेपूर्वीं आणूं म्हटलें तर येत नाहीं, किंवा मोठ्या कष्टानें येते. तसेंच वेळ आली नसतांना कुंथणाऱ्या स्त्रीचे श्रम वायां जातात आणि मुलासही अपाय होतो. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा उपदेश आजही प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावा असा आहे.

घरांतील कुलपें उघडावीं, गांठी सोडाव्या, बाळंत होणाऱ्या स्त्रीचे केस मोकळे करावे, थाळींत चक्रव्यूहाची आकृति काढून तिला दाखवावी, अशाही चाली आपल्या देशांत ठिकठिकाणीं आहेत. ह्यांनीं गर्भाशयाचें तोंड उघडत नाहीं, हें सांगावयास नको. पण त्यांची थट्टाही आम्ही करणार नाहीं. भीतीनें व धसक्यानें कळा मंदावतात, हें आजचें शास्त्रही मान्य करतें. "सर्व कांहीं मोकळें झालें आहे, तूंही मोकळी होशील," असा धीर जर एखाद्या आजीबाई ह्या मार्गानें देत असतील, तर त्या धीराचें मोल कमी नाहीं. मात्र अशा चालींपायीं दवाखान्यांत नेण्यास घटकाभरही उशीर होतां कामा नये.

आतांपर्यंत आम्हीं उतावळेपणाविरुद्ध लिहिलें. त्यावरून कोणी असें समजूं नये कीं वाट कितीही दिवस पाहत बसावी. ४१ आठवडे उलटले म्हणजे वार थकूं लागण्याचा संभव वाढतो व मुलास धोका उत्पन्न होतो. स्वीडनमध्यें २,७६० स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांस ४१ व्या आठवड्याच्या अखेरीस दवाखान्यांत औषधानें कळा आणविल्या, निम्म्यांच्या बाबतींत ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहिली. वाट पाहिलेल्या गटांत सहा मुलें दगावलीं, दुसऱ्या गटांत एकही नाहीं. म्हणून तो प्रयोग मध्येंच थांबवावा लागला, आणि त्याचें वृत्त २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. ४१ आठवडे निश्चित पुरे झालेल्या स्त्रीस कळा आणविण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करते. दवाखान्यांतही तींच दोन द्रव्यें, प्रोस्टाग्लांडिन व ऑक्सिटोसिन, वापरतात. पण तेथें मात्रा मोजलेली असते, मुलाच्या ठोक्यांवर लक्ष असतें, आणि प्रसंग पडल्यास शस्त्रक्रियेची सोय असते. म्हणूनच 'कळांचें इंजेक्शन' घरीं बोलावून कोणाकडूनही टोंचून घेऊं नये.

उलट, पंचांग पाहून चांगल्या नक्षत्रावर मूल व्हावें म्हणून ३७ व्या-३८ व्या आठवड्यांतच सिझेरियनचा आग्रह धरणारीं सुशिक्षित कुटुंबेंही आज आढळतात. ३९ आठवड्यांपूर्वीं असें काढलेल्या मुलांस श्वासाचा त्रास अधिक होतो. वैद्यकीय कारण नसतांना मुलाच्या पहिल्या श्वासाचा सौदा करून मिळविलेला मुहूर्त शुभ कसा म्हणावा?

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. "बाळंतपण जवळ आलें कीं मूल पोटांत शांत होतें," असें वडीलधाऱ्या बायका सांगतात. ही समजूत चुकीची आणि प्राणघातक आहे. शेवटच्या दिवसांत हालचालीची तऱ्हा किंचित् बदलेल, पण हालचाल कमी होतां कामा नये. ती कमी वाटली तर सकाळची वाट न पाहतां दवाखान्यांत जावें. पाणी गेलें, विशेषतः तें हिरवट असलें. लालसर चिकट स्राव निराळा, पण धारेनें रक्त गेलें. डोकें अतिशय दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, किंवा ताप भरला, तरीही तसेंच करावें. ही यादी कागदावर लिहून फोनजवळ ठेवावी.

बाकी घरच्यांनीं करावयाचें फार थोडें आहे. दवाखान्याची पिशवी भरून ठेवावी, रात्रीं वाहन कोणाचें मिळेल तें ठरवून ठेवावें, रक्तगटाचा व तपासण्यांचा कागद एके ठिकाणीं असूं द्यावा. मुलीला दुपारीं झोंपूं द्यावें आणि हलकें, आवडीचें अन्न द्यावें. आणि "अजून कांहीं नाहीं का?" हा प्रश्न विचारणाऱ्यांचे फोन तिच्या आईनें किंवा यजमानांनीं घेऊन, कांहीं झालें म्हणजे आम्हीच कळवूं, असें गोड शब्दांत सांगून टाकावें. दिवस भरलेल्या स्त्रीस ह्यासारखें दुसरें औषध आमच्या माहितींत नाहीं.