ठिणगीची राखण

वस्तूचे मोल तिच्या आकारावरून ठरवू नये. मोटारसायकलचा स्पार्क प्लग बोटाएवढा लहान असतो. पण तो रुसला, की पेट्रोलने भरलेली धडधाकट गाडी जागच्या जागी उभी राहते.

नंदुरबार जिल्ह्यात या रुसव्याची किंमत मोठी असते. तळोद्याहून धडगावकडे जाणारा रस्ता चांदसैलीच्या घाटातून वळणे घेत चढतो. सातपुड्यातील पाड्यांवरून बाजार, शाळा वा दवाखाना गाठण्यास अनेकांना मोटारसायकलचाच आधार असतो. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन निघालेल्या बापाची गाडी त्या घाटात अडली, तर दोष दैवाचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो हयगयीचा असतो.

या चिमुकल्या वस्तूचे कष्ट तरी किती! चार-आघाती इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर इंधन ३,००० वेळा पेटवावे लागते. दर वेळी हजारो व्होल्ट दाबाची वीज दोन टोकांमधील, मिलिमीटरहूनही अरुंद अशा फटीतून उडी घेते. या माऱ्याने टोके झिजतात, फट रुंदावते आणि ठिणगी दुबळी होते.

प्लग हा इंजिनाचा प्रामाणिक साक्षीदारही आहे. इंजिन थंड झाल्यावर, भोवतालची धूळ झाडून तो पान्याने काढावा व त्याचे टोक न्याहाळावे. फिकट तपकिरी रंग हे आरोग्याचे लक्षण होय. कोरडी काळी काजळी इंधन अधिक व हवा कमी असल्याचे सांगते. एअर फिल्टर धुळीने तुंबला, तरी असे घडते. तेलकट ओल दिसली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. पांढरट, भाजलेले टोक इंजिन फाजील तापत असल्याचा इशारा देते.

‘प्लग बदलला, की काम झाले,’ असे पुष्कळांना वाटते. हा समज अपुरा आहे. झिजलेला किंवा तडकलेला प्लग बदललाच पाहिजे. तेथे काटकसर करणे म्हणजे पैशासाठी रुपया गमावणे होय. परंतु काजळीचे कारण न शोधता नवा प्लग बसविणे म्हणजे साक्षीदाराला हाकलून चोराला घरात ठेवणे! नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचाच घ्यावा, फट मोजावी आणि तो प्रथम हातानेच फिरवून बसवावा. आरंभीच पान्याचा जोर लावल्यास इंजिनाचे आटे बिघडतात.

गाडी हाकणे थोड्या दिवसांत येते. गाडी जाणण्यास मात्र जिज्ञासा लागते. अशी जिज्ञासा बाळगणारा मनुष्य घाट चढण्यापूर्वी घरीच आपल्या ठिणगीची राखण करतो. म्हणूनच अडचणीच्या वेळी तो स्वतःच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही उपयोगी पडतो.