बोअर आणखी खोल नेण्याआधी खडकातल्या भेगा समजून घ्या

ऊन तापू लागले की गावोगावी बोअरच्या गाड्या फिरू लागतात. बाग वाचवायची म्हणून कर्ज काढून ३०० फुटांचे बोअर ५०० फुटांवर नेले जाते. शेजाऱ्याला २ इंच पाणी आणि आपल्याला नुसता धुरळा! याला आपण नशीब म्हणतो, पण कारण खडकात आहे.

राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक थरांचा आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते असते मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांत. मात्र नुसती भेग असून भागत नाही. ती दुसरीला, दुसरी तिसरीला मिळत वर मुरमापर्यंत पोचली असेल, तरच पावसाळ्यात पुन्हा भरते. एकटी पडलेली भेग म्हणजे बंद टाकी. पहिल्या दिवशी फवारा उडतो आणि काही आठवड्यांत मोटर हवा ओढू लागते. शिवाय खोल जावे तशा भेगा वरच्या दाबाने साधारणपणे आवळत आणि विरळ होत जातात. खोली दुप्पट, पाणी दुप्पट, असा हिशेब इथे लागत नाही.

जोडलेल्या भेगांना बांध कळत नाही. आपली मोटर बंद ठेवा आणि शेजारची सुरू असताना आपल्या विहिरीची पातळी दोरीने मोजा. नेहमीपेक्षा झपाट्याने उतरली, तर दोघेही बहुधा एकाच साठ्यातून उपसा करत आहात. मग आपण खोल गेलो काय आणि तो गेला काय, टाकी तीच. त्याहून वाईट म्हणजे खोल बोअर दोन थरांमधला लाल गेरू फोडते. वरचे पाणी त्या भोकातून खाली निसटते आणि आसपासच्या विहिरी कोरड्या पडतात. माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान हेच.

२००९ च्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. शिवारात ती फारशी दिसत नाही.

कृषी सहायकांनी गावातल्या प्रत्येक नव्या बोअरला कोणत्या फुटावर कोणता थर आणि कुठे पाणी लागले, एवढे तरी वहीत लिहून ठेवावे. फसलेल्या बोअरचीही नोंद हवी. पुढच्याचे पैसे तीच वाचवते. आणि पुनर्भरण करताना ओढ्याचे गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. दगड, खडी, वाळूच्या गाळणीतूनच सोडा. गाळाने बुजलेली भेग पुन्हा मोकळी करणे फार अवघड असते.