फुली मारलेलं बरोबर उत्तर



चौथीच्या घटक चाचणीत परिसर अभ्यासाला मी एक प्रश्न दिला होता. 'झाडाला पाणी मिळाले नाही तर काय होईल?' अपेक्षित उत्तर ठरलेलं : झाड सुकेल व मरेल. एका मुलाने लिहिलं, 'जोंधळा पान गुंडाळतो. सकाळी परत उघडतो.' मी लाल पेनाने फुली मारली. पेपर बरेच होते, घाई होती. (सबबच आहे, दुसरं काय!)

पेपर वाटले तेव्हा तो काही बोलला नाही. पण डिसेंबरात एका दुपारी सुट्टीत त्याने मला शाळेच्या कुंपणापलीकडच्या रानात नेलं. "बाई, बघा." ज्वारी पोटरीत आलेली, जमिनीला भेगा, आणि पानं सुरळीसारखी वळलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत गेलो. पानं पसरलेली होती. उत्तर त्याचं बरोबर होतं, माझा प्रश्नच अर्धवट होता.

आमचा सोलापूर जिल्हा. इथली रब्बीची ज्वारी पाऊस संपता संपता पेरतात आणि ती बहुतेक काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. ओल वरून आटत जाते तशी मुळं खाली जातात, मीटर-दीड मीटरपर्यंत. माती कोरडी पडू लागली की झाडात एक रसायन वाढतं, त्याचं नाव ॲबसिसिक आम्ल. त्याचा निरोप पानाला पोचला की पर्णरंध्रं मिटतात, म्हणजे वाफ होऊन जाणारं पाणी अडतं. पानाच्या वरच्या बाजूला काही मोठ्या, पातळ भिंतीच्या पेशी असतात. त्यांच्यातलं पाणी कमी झालं की पान आत वळतं आणि उन्हाला कमी सामोरं जातं. ज्वारीच्या ताटावर बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते ना, ते मेण. तेही पाणी राखायलाच. आपल्याकडची मालदांडी ३५-१ ही जात अशा कोरड्या रानासाठीच मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडून काढली गेली. आपण मात्र मुलांना जास्वंदीच्या फुलाचे भाग पाठ करायला लावतो. जास्वंद वाईट नाही, पण दाराबाहेरची ज्वारी पाठात कधी यायची?

आणखी एक गोष्ट मुलांना घरून माहीत असते. कोवळी, पाण्यावाचून खुंटलेली हिरवी ज्वारी जनावराने खाल्ली तर किराळ लागते, जनावर दगावतं सुद्धा. ताणात अशा कोवळ्या ज्वारीत विष वाढतं हे विज्ञान आहे, पण आमच्या मुलांना ते आजीकडून कळलेलं असतं. वर्गात विचारून बघा, निम्मे हात वर होतील. (कोवळी ताटं चघळू नका, हे मात्र बजावून सांगा.)

आता माझा खरा मुद्दा. हा विषय आपण शिकवला तरी बहुतेक वेळा त्याचा परिपाठातला बोधप्रद विचार करून टाकतो. 'बघा मुलांनो, झाड कसं सोसतं, आपणही सोसायला शिकलं पाहिजे.' हे मला पटत नाही. सोसणं फुकट नसतं. रंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, अन्न तयार होणं मंदावतं. पोटरीत किंवा दाणा भरताना ताण पडला तर दाणे कमी भरतात, कणीस हलकं येतं, कडबाही कमी. ज्या घरात ते कणीस येतं, त्या घरातलं पोर आपल्यासमोर बसलेलं असतं. त्याला सहनशीलतेचं भाषण काय द्यायचं? त्यापेक्षा माणूस काय करतो ते विचारावं. कोळपणी का करतात? वरची माती मोकळी झाली की भेगा बुजतात आणि ओल उडून जायची थांबते, म्हणून जुनी माणसं एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात. एकच पाणी देता येणार असेल तर ते पोटरीत का देतात? याच कामासाठी बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, खारी जमीन यांत पिकं कशी तगवायची, यावर तिथे संशोधन चालतं. मोठं झाल्यावर असं काम करता येतं, हेही आमच्या मुलांना कळू द्या की.

वर्गात करायला सोपं : दोन जुन्या बादल्यांत सारखी माती भरा, एकीत ज्वारी आणि एकीत मका लावा. गुडघाभर झाल्यावर पाणी थांबवा. रोज सकाळी आणि दुपारी दोन वाजता पान बघून वहीत लिहायचं. आधी कोण गुंडाळतं, सकाळी कोण पुरतं उघडतं आणि पाणी दिल्यावर कोण लवकर सावरतं. पालकांनी हे घरच्या बांधावरही करावं, खर्च शून्य.

त्या मुलाचा पेपर मी परत मागितला, फुली खोडली, गुण वाढवले. तो म्हणाला, "पण बाई, यंदा कणसं बारकी आलीत."

यंदाच्या चाचणीत प्रश्न असा दिलाय : 'तुमच्या रानातलं एक पीक घ्या. पाणी कमी पडलं तर ते आधी काय करतं आणि त्यात त्याचं काय जातं?' तपासायला वेळ लागतोय. करडईबद्दल एकीने जे लिहिलंय, ते मला अजून तिच्या आजोबांना विचारायचं आहे.