बारनिशी आणि पहिले टेबल

यंत्र आले की न्याय आपोआप येतो, या भाबड्या समजुतीविरुद्ध मी मागे लिहिले तेव्हा काही वाचकांनी मला यंत्रद्वेष्टा ठरवले होते. परंतु आमच्या भागातील एका पतसंस्थेने नारळ फोडून बसवलेल्या नव्या टेलिफोन यंत्रणेची मांडणी या आठवड्यात पाहण्याचा योग आला, आणि माझी टीका सौम्यच होती अशी माझी खात्री पटली.

टेबले पाच, फोन पाच. आलेला कॉल कोणाकडे जावा हे यंत्र ठरवते, म्हणजे बसवणारा जे ठरवून गेला तेच ठरवते. तो ‘ओळीने’ हा पर्याय ठेवून गेला. परिणामी प्रत्येक कॉल प्रथम पहिल्या टेबलावरील बाईंकडे वीस सेकंद वाजतो, आणि समोर पासबुक पुढे करून उभ्या असलेल्या खातेदारात त्या गुंतल्या असल्या तरच पुढे सरकतो. महिनाअखेरच्या अहवालात न उचललेले कॉल अर्थातच त्यांच्या नावावर सर्वाधिक, आणि ज्यांच्यापर्यंत घंटी क्वचितच पोहोचते ते पाचव्या टेबलावरील गृहस्थ निष्कलंक. व्यवस्थापकांनी बाईंना लेखी समज दिली, ती अर्थात काचेच्या केबिनीतून. (कारभाराचा ऱ्हास केबिनीला काच लागली त्या दिवशी सुरू झाला, हे माझे मत पुराव्याविना का होईना, कायम आहे.)

मामलेदार कचेरीतील बारनिशी कारकून हेच वाटपाचे काम करीत असे. आलेल्या टपालावर शिक्का, आवक क्रमांक, विषय पाहून टेबलाची खूण, एवढाच त्याचा शिरस्ता. त्याने आळसाने सगळे कागद एकाच टेबलावर टाकले असते, तर कार्यविवरणाच्या, म्हणजे टेबलावरील कामाच्या नोंदवहीच्या, साप्ताहिक गोषवाऱ्यात त्या टेबलाची आवक फुगलेली दिसली असती, आणि अव्वल कारकुनाने जाब विचारला असता तो टेबलास नव्हे, बारनिशीस. कारण तेथे आवक, निर्गती आणि शिल्लक शेजारी-शेजारी मांडावी लागत. पतसंस्थेच्या अहवालातून व्यवस्थापकांनी उचलला तो एकच रकाना. शिवाय कागद कंटाळत नाही, दप्तरात पडून राहतो आणि तपासणीच्या वेळी साक्ष देतो. कंटाळून फोन ठेवणारा खातेदार मात्र कोणाच्याही नावे शिल्लक राहत नाही.

माणसे वाढवली की प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ एर्लांग यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार, तासाला सरासरी १२० कॉल आणि प्रत्येकी सरासरी ३ मिनिटे असता ७ माणसे बसवल्यास सरासरी प्रतीक्षा सुमारे ११० सेकंद पडते, ८ बसवल्यास सुमारे ३२. परंतु हे गणित माणूस रिकामा असताना कॉल ताटकळत नाही या गृहीतावर उभे आहे, आणि जेवायला उठलेल्याची नोंद चालूच ठेवून रिकाम्या खुर्चीपुढे वीस सेकंद घंटी वाजवणारी यंत्रणा त्या गृहीताचाच गळा घोटते.

उपाय यंत्रणेच्या मांडणीच्या पडद्यावरच आहेत. कॉल ‘सर्वाधिक वेळ रिकामा असलेल्याकडे’ जावा. लागोपाठ दोनदा न उचलणाऱ्याची नोंद आपोआप बंद व्हावी. आणि एक कॉल संपल्यावर टिपण लिहिण्यापुरती जी उसंत सध्या शून्य सेकंद आहे, ती निदान तीस करावी. संचालक मंडळापुढे विषय गेला तेव्हा मात्र चर्चा झाली ती प्रतीक्षेत वाजणाऱ्या सनईच्या दर्जावर, आणि नवे ध्वनिमुद्रण घेण्याचा ठराव एकमताने संमत झाला. बाईंना दिलेली समज अद्याप मागे घेतलेली नाही.