चार दातांचा गवंडी

गवंडीकाम म्हटलं की थापी हवी, ओळंबा हवा, वाळू-सिमेंट हवं. पण उत्तर अमेरिकेत एक असा गवंडी आहे की ज्याच्याजवळ यातलं काहीच नाही. त्याची हत्यारं म्हणजे पुढचे चार लांब दात आणि दोन पंजे! त्याचं नाव बीव्हर.

उंदीर, खार, साळिंदर यांच्या गोतावळ्यातला हा प्राणी. वजन मात्र वीस-पंचवीस किलो. त्याच्या दातांच्या बाहेरच्या थरात लोह असतं, म्हणून ते नारिंगी दिसतात. कुरतडून कितीही झिजले तरी ते जन्मभर वाढतच राहतात. या दातांनी तो झाडं पाडतो, फांद्या ओढत आणतो आणि दगड-चिखल घालून ओढ्यावर चक्क बंधारा बांधतो. पाणी तुंबून खोल झालं की त्यात त्याचं घर, आणि घराचं दार पाण्याखाली! मग लांडग्याला ते सापडणार कसं?

हा झाला बीव्हरचा स्वार्थ. पण त्यातून नदीचंही भलं होतं, बरं का!

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात ईस्ट रिव्हर नावाची डोंगराळ नदी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे क्रिश्चन ड्युई, स्कॉट फेंडॉर्फ आणि त्यांचे सहकारी तिचं पाणी तपासत होते. २०१८ साल तिथं कोरडं होतं. अभ्यास चालू असतानाच, त्याच साली, बीव्हरांनी नेमका तिथंच बंधारा घातला! शास्त्रज्ञांनी ही आयती संधी सोडली नाही. २०२२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोरड्या किंवा भरपूर पाण्याच्या काळात नदी जेवढं नायट्रोजन काढून टाकायची, त्यापेक्षा ४४ टक्के जास्त नायट्रोजन बंधाऱ्यामुळे निघून गेलं.

पाण्यात नायट्रोजन असतं ते बहुतेक नायट्रेटच्या रूपात. थोडं नायट्रेट निसर्गातच असतं. पण शेतातली रासायनिक खतं, जनावरांचं शेण-मूत आणि गावाचं सांडपाणी नदीत आलं की ते फार वाढतं. मग शेवाळ माजतं. ते मेलं की कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. असं पाणी तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं, तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. म्हणजे जिवाशीच खेळ!

मग बंधारा काय करतो? अडलेलं पाणी चढतं आणि त्याच्या दाबानं काठच्या मातीत शिरतं. त्या चिंब मातीत ऑक्सिजन फार थोडा. तिथले जिवाणू मोठे हुशार! ऑक्सिजन नाही तर नाही, ते नायट्रेटवर काम भागवतात. त्यातून तयार होतो नायट्रोजन वायू, आणि तो हवेत निघून जातो. हवेत तर ७८ टक्के नायट्रोजनच आहे, त्यामुळे त्याचा त्रास नाही. म्हणजे पाणी साफ करतात ते माती आणि जिवाणू. बीव्हर फक्त पाण्याला थांबवतो.

आता माणसानं काय केलं ते ऐका. युरोपात बीव्हरच्या लवेच्या टोप्यांची फॅशन होती. त्या टोप्यांसाठी सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत अमेरिकेत बीव्हरांची बेसुमार शिकार झाली. पुष्कळ नद्यांवरून ते नाहीसेच झाले. पुढं शेतीत खतं वाढली, गावं वाढली, घाण वाढली. घाण वाढवणारेही आपण आणि नदीचा मदतनीस हाकलणारेही आपणच! पुढं शिकारीवर बंधनं आली, काही ठिकाणी बीव्हर मुद्दाम आणून सोडले, तेव्हा कुठं त्यांची संख्या पुन्हा वाढली.

बीव्हर म्हणजे काही साधुसंत नव्हे. त्याच्या तळ्यानं कधी शेत बुडतं, कधी रस्ता. तळ्याच्या गाळातून मिथेन वायूही निघतो. शिवाय आपण घाण ओततच राहिलो, तर बिचारे जिवाणू तरी किती पुरे पडणार?

एक प्रयोग करून बघा. पसरट ताटात मातीचा थर द्या, ताट थोडं तिरकं ठेवा आणि वरून हळूहळू पाणी सोडा. पाणी झरझर पळेल. आता मधे काड्या आणि चिखलाचा बांध घाला. पाणी कुठं थांबतं, माती कुठवर भिजते, ते वहीत लिहून ठेवा. मग सांगा, नदीला नुसतं पळायला लावणं बरं, की वाटेत थोडं थांबू देणं?