सीसीटीव्ही लावले, पण रेकॉर्डिंग होतंय का?

बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झालं. तिथलं १५ दिवसांचं सीसीटीव्ही फुटेज गायब असल्याचं तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं होतं. त्यानंतर २१ ऑगस्टच्या शासन निर्णयाने शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवायला सांगितलं. पण भिंतीवर कॅमेरा आहे म्हणजे फुटेज मिळेलच, असं नाही.

कोणती यंत्रणा घ्यावी?

अ‍ॅनालॉग कॅमेरे कोअ‍ॅक्सियल केबलने डीव्हीआरला जोडतात. जुनं वायरिंग शाबूत असेल, तर हा स्वस्त पर्याय. आयपी कॅमेरे नेटवर्क केबलवर चालतात. पीओई स्विच असेल तर वीजही त्याच केबलमधून मिळते. मात्र एका केबलची मर्यादा साधारण १०० मीटर.

फुटेज का सापडत नाही?

हार्ड डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. २ एमबीपीएसवर रेकॉर्डिंग करणाऱ्या एका कॅमेऱ्याला दिवसाला साधारण २१ जीबी जागा लागते. असे आठ कॅमेरे असतील, तर १ टीबीची डिस्क सहा दिवसांतच भरते. महिनाभराचं फुटेज हवं असेल, तर ६ टीबीची डिस्क घ्या.

बिघाड कसा ओळखायचा?

सगळे कॅमेरे एकदम बंद पडले, तर आधी पॉवर सप्लाय किंवा स्विच तपासा. एकच बंद असेल, तर केबल आणि कनेक्टर पाहा. रेकॉर्डरवरची तारीख-वेळही बरोबर हवी.

पुढच्या पालकसभेत एवढंच सांगा: गेल्या आठवड्यातलं दुपारी दोनचं फुटेज दाखवा.